जावयाच्या नावावरचं मशीन

आमचं दुकान ज्या मशीनवर चालतं ते मी कधी पाहिलेलं नाही. ते खाडीपलीकडे नव्या मुंबईत, कुठल्याशा इमारतीच्या थंड खोलीत, इतर मशीनांच्या रांगेत आहे म्हणतात. भाड्याचं आहे, पण अख्खं आमचं. त्यात दुसऱ्या कुणाची भागी नाही. त्याच्या आत काय चालावं, काय बंद व्हावं, कुणाला आत घ्यावं आणि कुणाला दारातच थांबवावं, हे सगळं शेवटी माझ्या हातात आहे. मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी अक्षरं ओळखते, वाक्य लागत नाही. तरी ही चावी माझ्याकडे आहे आणि ती माझ्याकडेच बरी आहे, असं मला वाटतं. ती कशी आली ते एकदा नीट लिहून काढावं म्हणून बसले आहे. गाळ्यावर दुपारी तांदूळ पसरून झाले की जरा वेळ मिळतो.

कांजूरमार्गला आमचा छोटा गाळा आहे. आम्ही बायका मिळून तिथे अनारशाचं पीठ, तयार अनारसे, भाजणी, मोदकाची पिठी आणि मालवणी मसाला करतो. सुरुवात माझ्या स्वयंपाकघरात झाली, म्हणून सगळ्या मला मालकीण म्हणतात. गिऱ्हाईक गाळ्यावर आलं की मी आत जाते. आमच्यात एक मालवणची आहे, तोंडाने फटकळ, तिला पुढे करते. मला नव्या माणसासमोर शब्द सुचत नाहीत, लहानपणापासूनचं आहे ते. म्हणूनच लेकीने कॉम्प्युटरवर दुकान काढून दिलं तेव्हा मला ते फार आवडलं. रात्रंदिवस दुकान उघडं, आणि मला कुणाच्या समोर उभं राहावं लागत नाही.

पहिल्यांदा ते दुकान दुसऱ्यांच्या बरोबर एकाच मशीनवर होतं. मला ते चाळीच्या नळासारखं वाटायचं. घाटकोपरला आम्ही चाळीत होतो, तिथे खालच्यांनी मोटार लावली की वरच्या मजल्यावर थेंब यायचा नाही. इथेही तसंच. त्या मशीनवर कुणी लग्नाचे फोटो ठेवणारा होता. त्याचा मोसम आला की आमचं पान उघडायचं नाही. गणपतीच्या आधी, ऐन मोदकाच्या पिठीच्या दिवसांत, लोक फोन करून विचारायचे, दुकान बंद केलंत का. जावई म्हणाले, आई, आता स्वतःचं अख्खं मशीन घेऊ या. ते अंधेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत, त्यांना यातलं कळतं. लेकही लग्नाआधी तिथेच होती, मूल झाल्यावर तिने काम सोडलं. दोघं बोरिवलीला राहतात.

मशीन घेतलं त्या दिवशी लेक माझ्याकडे मुलुंडला आली होती. मशीनवाल्या कंपनीच्या माणसाचा फोन तिने मोठ्या आवाजावर ठेवला. तो म्हणाला, पूर्ण ताब्याची चावी एकाच्या नावे देतो. जो ती घेईल त्याला मशीनच्या आत काहीही करता येईल, आम्हीसुद्धा त्याला विचारल्याशिवाय आत शिरणार नाही. कुणाचं नाव घालू? लेकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जावयांचं घाल.

यात मी काही विचार केला नव्हता. आमच्याकडे जावयाचं नाव पुढे करायची रीत आहे. गाळ्याची पूजा झाली तेव्हा नारळ जावयांनी फोडला. पिठाची नवी चक्की आली तेव्हा पहिलं बटण त्यांनी दाबलं. मला मुलगा नाही, त्यामुळे घरातला प्रत्येक मान त्यांच्याकडेच जायचा, आणि तो देताना मला बरं वाटायचं. हाही मान आहे असं समजून मी देऊन टाकला. नारळ फुटला की मान तिथे संपतो. चावी मात्र राहते. ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आमचे हे खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "हुंडो दिलो नाय, पण मशीन दिलां."

जावयांनी मशीन चांगलं सांभाळलं, हे आधी लिहायला हवं. पान कधी अडकलं नाही. रविवारी बसून ते काय काय नवं घालायचे. पण कुणालाही आत घ्यायला त्यांचा जीव होत नसे. रोजच्या ऑर्डरी बघण्यापुरती वाट लेकीला दिली होती. त्यापुढचं सगळं त्यांच्याकडे. नवा पदार्थ घालायचा, जुना काढायचा, मालवणच्या बाईला तिच्या कामापुरतं बघू द्यायचं, काहीही असो, त्यांनाच सांगायचं. लेकीला यातलं येतं, पण तिने मागितलं तर म्हणत, चुकून काहीतरी उडेल, मी आहे ना.

आणि जावयाला काम कसं सांगायचं? मला ते जमत नाही. माझ्या आईने कधी सांगितलं नाही, सासूने सांगितलं नाही. म्हणून मी एक पद्धत काढली होती. काही बदल हवा असला की मी डबा करायची. डबा बोरिवलीला जायचा, जावई जेवायचे, जेवण झालं की लेक सहज म्हणाल्यासारखं करायची, अहो, आई म्हणत होती, मसाल्याच्या पाकिटाचा फोटो जुना झालाय. फोटोसाठी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं. नव्या पदार्थासाठी कोंबडी-वडे. लेक मला हसायची. म्हणायची, "तुझा सर्व्हर तिसऱ्यांवर चालतो गं आई." मीही हसायची. चालत होतं तोवर मला त्यात काही खटकलं नाही.

मग अधिक महिना आला. इतर वेळी अनारसे फक्त दिवाळीला लागतात, पण अधिकात प्रत्येक सासूला जावयाच्या वाणासाठी तेहतीस अनारसे हवे असतात, आणि हल्ली घरी करणाऱ्या थोड्या. त्या वर्षी अधिक श्रावण होता. हवेत इतका दमटपणा, की भिजवलेले तांदूळ सावलीत वाळता वाळेनात. पंखे लावावे तर पुरेत ना. खिडक्या उघडाव्या तर वारा कचऱ्याच्या डंपिंगच्या बाजूने यायचा, मग सगळ्या खिडक्या लावून घ्यायच्या. तांदूळ नीट वाळला नाही तर पीठ बिघडतं आणि अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. त्यामुळे आमचं सगळं लक्ष तांदळांकडे होतं. मशीनकडे कुणाचं नव्हतं.

त्या महिन्यात एका सकाळी दुकान उघडेना. कोरं पान यायचं. गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. जावई त्या आठवड्यात कुठल्याशा बँकेच्या कामावर होते, तिथे आत जाताना फोन गेटवर काढून ठेवावा लागतो. लेकीने मशीनवाल्या कंपनीला फोन लावला आणि मलाही जोडून घेतलं. पलीकडे एक मुलगी होती, फार गोड बोलत होती. ती म्हणाली, तुमच्या मशीनमधली जागा भरली आहे. मशीन रोज स्वतःची नक्कल करून ठेवतं, त्या नकला साठल्या आहेत. आतली जुनी अडगळ काढली की पान उघडेल. मी लेकीला म्हटलं, तिला सांग काढायला. ती मुलगी म्हणाली, आम्ही फक्त वीज, थंडावा आणि लाइन बघतो, आतलं तुमचं. ज्यांच्या नावे चावी आहे त्यांनी आम्हाला सांगितलं तरच आम्ही हात लावू शकतो.

मग मी स्वतः बोलले. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं मी टाळते. तरी म्हटलं, दुकान माझं आहे.

"हो काकू, पण आमच्याकडे तुमचं नावच नाही," ती म्हणाली.

तिचं काही चुकलं नव्हतं. तिने तसंच म्हणायला हवं होतं. उद्या कुणीही फोन करून दुकान माझं म्हणेल. पण फोन ठेवल्यावर मी चक्कीजवळ बराच वेळ उभी राहिले. गाळ्यात मला विचारल्याशिवाय गुळाची ढेप फुटत नाही, आणि ज्या दुकानातून सगळा माल जातो तिथे माझं नावच नाही. मालवणची म्हणाली, "वाट लागली गो बाय. आता गिऱ्हाइकांका काय सांगू? मालकिणीचो जावय येईपर्यंत कळ काढा?" आणि ती खरोखरच एकेकीला तसं सांगत सुटली. कितीतरी जणींनी अनारसे दुसरीकडे सांगितले. वाणाचा मुहूर्त कुणासाठी थांबत नाही.

संध्याकाळी जावई बँकेतून बाहेर आले, रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी फोनवरून जुन्या नकला पुसल्या आणि पान उघडलं. मला फोन केला. झालं आई, टेन्शन घेऊ नका, म्हणाले. पाच मिनिटांचं काम होतं. मी त्यांचे आभार मानले, जेवून घ्या म्हटलं. मला त्यांचा राग आला नव्हता. पण पाच मिनिटांच्या कामासाठी दिवस गेला होता, आणि तो पुन्हा जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं. कारण त्यांची कंपनी त्यांना काही महिने परदेशी पाठवणार होती. अधिक संपला की लगेच जायचं होतं. ते म्हणाले होते, तिकडूनही मशीन बघेन, फक्त वेळेचा फरक आहे. आमची सकाळ म्हणजे त्यांची झोपेची वेळ. आणि पुढे गणपती, मग दिवाळी.

मी ठरवलं की चावी आपल्याकडे घ्यायची. अर्धी नको, लेकीच्या नावे नको. माझ्या नावे. लेक आज बोरिवलीला आहे, उद्या तीही त्यांच्याबरोबर जाईल. दुकान जिथे आहे तिथे चावी हवी.

लेकीला फोन केला. म्हणाली, चुकीचं नाहीये तुझं, पण मी नाही मागणार. "मी मागितलं तर भांडण होईल. तू मागितलंस तर त्यांना अपमान वाटेल."

"मग अपमान बरा," मी म्हटलं. "तुमचं भांडण रोज चालेल. अपमान एकदाच होईल."

"कधी मागणार?"

वाणाच्या दिवशी, मी सांगितलं. दुसरा दिवसच नव्हता. जाण्याची तयारी, बँकेचं काम, यात ते एकदाच मुलुंडला येणार होते. आमच्या ह्यांनी ऐकलं तेव्हा ते पहिल्यांदा चिडले. जावई अधिकात म्हणजे नारायण. त्याचे पाय धुवायचे, ओवाळायचं, दिवा द्यायचा. "अधिकात जावयाक दिवचा आसता, मागूचा नाय," ते म्हणाले. मला माहीत होतं. इतक्या वर्षांत मीच ते सगळ्या शेजारणींना सांगत आले होते. पण देवाकडेच तर माणूस मागतो, असं मी मनात म्हटलं. तोंडाने काही म्हटलं नाही, वाद मला जमत नाही.

त्या दिवशी मी डब्याची युक्ती करायची नाही असं ठरवलं होतं. जेवण घालून, खूश करून, मग हळूच लेकीच्या तोंडून, असं नको. म्हणून पाय धुऊन झाले, ओवाळून झालं, तबकात अनारसे, वर दिवा, बाजूला कापड असं वाण हातात घेतलं, आणि ते द्यायच्या आधीच बोलले. मान खाली होती माझी. दिव्याकडे बघत बोलले.

"जावईबापू, मशीनची चावी मला हवी आहे. पूर्ण."

त्यांना आधी कळलंच नाही. मग ते हसले. आई, तुम्ही काय करणार ती घेऊन, म्हणाले. मग समजावून सांगायला लागले. ती चावी फार धोक्याची असते. साध्या माणसाने काही पुसायला घेतलं तर मशीन अडवतं, नाही म्हणतं. ती चावी असलेल्याला ते अडवत नाही, विचारतसुद्धा नाही. एक ओळ चुकली तर सगळं दुकान, गिऱ्हाइकांचे पत्ते, सगळं जाईल. मी म्हटलं, समजलं, तरी हवी. तेव्हा त्यांचा आवाज बदलला.

"आई, माझ्यावर विश्वास नाही का?"

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच नाही नाही म्हणावं. मी तबक तसंच धरून ठेवलं.

"तुमच्यावर आहे," मी म्हटलं. "पण तुमचा फोन गेटवर काढून घेतात."

लेकीला हसू आलं आणि तिने पदर तोंडाला लावला. ते मला नको होतं. जावयांच्या तोंडावरचा रंग गेला. त्यांनी वाण घेतलं, नमस्कार केला, जेवले, पण दुसऱ्यांदा काही घेतलं नाही. निघताना वाणाचं तबक टेबलावरच राहिलं. विसरलं की ठेवलं, ते मी विचारलं नाही. ह्यांनी मला दोन दिवस त्यावरून सुनावलं. जावयाने वाण टाकून जावं, असं आमच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. गाळ्यावर मालवणची म्हणाली, रुसलेल्या जावयाचे अनारसे आता आपणच खायचे काय. घरी येऊन मी तबक झाकून ठेवलं. अनारसे टिकतात.

मला वाईट वाटत होतं, पण चुकलं असं वाटत नव्हतं. या दोन गोष्टी एकदम वाटू शकतात हे मला तेव्हा कळलं. लेकीला रोज विचारायची, काय म्हणतात. ती म्हणायची, बोलत नाहीत, पण जेवतात. मग मी काळजी सोडली.

अधिक संपायला थोडे दिवस राहिले होते तेव्हा जावई सरळ ऑफिसातून गाळ्यावर आले. इतक्या वर्षांत ते पूजेला सोडून कधी गाळ्यावर आले नव्हते. पाठीला बॅग, कपाळावर घाम. आम्ही सगळ्या पिठात. बसायला द्यायला धड काही नव्हतं, एक रिकामा तेलाचा डबा पालथा घालून दिला. म्हणाले, वाण न्यायला आलोय, अधिक संपला की चालणार नाही ना. वाण मुलुंडला आहे, मी म्हटलं. मग घरी येतो तुमच्याबरोबर, म्हणाले, आणि तिथेच बसून राहिले. मी अनारसे तळत होते. ते मग कढईकडे बघतच बोलायला लागले. त्यांनाही माझ्या तोंडाकडे बघून बोलता येत नव्हतं, हे मला बरं वाटलं.

त्यांनी सांगितलं की ऑफिसात त्यांच्या हातात काहीच नसतं. एवढंसं काही बदलायचं तर परदेशातल्या कुणाला तरी लिहावं लागतं. तो आपल्या सवडीने हो म्हणतो किंवा नाही म्हणतो, का नाही ते सांगत नाही. आताही तिकडे पाठवताहेत ते असंच कुणाच्या तरी हाताखाली.

"तुमचं मशीन एवढं एकच आहे, जिथे मला कुणाला विचारावं लागत नाही," ते म्हणाले.

मला खरंच वाटलं नव्हतं की त्या चावीत त्यांचं असं काही असेल. मला वाटायचं, शिकलेल्या माणसाला सवय असते हाताशी सगळं ठेवायची, तसं. झारा हातात तसाच राहिला, एक अनारसा जास्त तांबूस झाला. क्षणभर मनात आलं, राहू दे, असू दे त्यांच्याकडे. एवढं सुख माणसाला असावं. पण मग तो कोऱ्या पानाचा दिवस आठवला, आणि आमच्या बायका आठवल्या, रिकाम्या बसलेल्या.

"म्हणजे विचारत बसायला कसं वाटतं, ते तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. थोडं हसले. मग बॅगेतून लॅपटॉप काढला.

आधी त्यांनी एक काम केलं ज्याबद्दल मी त्यांना अजून मानते. दुकानाची रोजची नक्कल त्याच मशीनवर न ठेवता दुसरीकडे, वेगळ्या जागी जाईल अशी सोय केली. आई, आता तुम्ही सगळं जरी पुसलंत तरी परत आणता येईल, म्हणाले. मग मशीनवाल्या कंपनीला फोन करून नोंदीवर माझं नाव घातलं. त्या मुलीने मला पूर्ण नाव विचारलं आणि मी ते सांगितलं, माझं, वडिलांचं नव्हे, नवऱ्याचं नव्हे, आधी माझं, मग बाकीचं. मग म्हणाले, आता नवी चावी, म्हणजे पासवर्ड, घाला. कुणाला सांगू नका, मलाही नाही. कुठे लिहू नका. आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी हात धुतले, पुसले, एका बोटाने अक्षर दाबलं. पडद्यावर काही उमटलं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मला वाटलं, बोटाला तूप असेल. म्हटलं, जावईबापू, जात नाहीये हो. भिंतीकडे तोंड ठेवूनच ते म्हणाले, "दिसणार नाही आई. पण जातंय. तुम्ही फक्त विसरू नका." मग मी पहिल्यापासून सावकाश घातलं. पुन्हा एकदा तेच घातलं, कारण मशीन दोनदा विचारतं. आणि ते लागलं.

मग त्यांनी आपली जुनी चावी घालून बघितली. मशीनने नाही म्हटलं. त्यांनी परत एकदा घालून बघितली. नाही. ते त्या ओळीकडे बघत राहिले. मालवणची पुढे येऊन म्हणाली, काय झालां, बिघडला काय. ते म्हणाले, नाही मावशी, बरोबर चाललंय.

त्यानंतर त्यांनी सांगितलं आणि मी एकेक अक्षर बघून टाइप केलं. लेकीचं नाव घातलं, तिला दुकानातलं जवळजवळ सगळं. जावयांचं नाव घातलं, त्यांना जे लागतं तेवढं, पण वरची चावी नाही. मालवणच्या बाईला ऑर्डरी बघण्यापुरतं. तिला ते नको होतं, म्हणाली, माझ्या हातून मशीन पेटलां तर. तिला दिलंच. वेळ खूप लागला. ते कंटाळले नाहीत. मधेच त्यांनी गरम अनारसा उचलून खाल्ला, वाटी-चमचा न मागता, उभ्याउभ्या. त्या दिवशी घरी आले, वाण घेतलं, लेकीला फोनवर दाखवलं. ह्यांनी त्यांना हाताला धरून जेवायला बसवलं.

चावी आल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर तयार अनारशांच्या ऑर्डरी बंद केल्या. उरलेल्या दिवसांत होतील एवढे तांदूळ वाळले नव्हते. आधी हे करायला मला डबा करावा लागला असता. पीठ विकणं चालू ठेवलं, अनारसे बंद. लेक म्हणाली, नक्की ना आई, गिऱ्हाईक जाईल. नक्की, मी म्हटलं, आणि बंद केले.

जावई परदेशी गेले. दिवाळीच्या आधी मशीन पुन्हा भरत आलं, या वेळी नकलांनी नाही, रोजच्या नोंदींनी. आता त्याचा इशारा माझ्या फोनवर येतो. सकाळी लेकीला फोनवर घेतलं, ती ओळ सांगत गेली, मी घालत गेले, प्रत्येक ओळ घालायच्या आधी अक्षर-अक्षर मोठ्याने वाचून दाखवली. झालं. गिऱ्हाइकांना कळलंही नाही. आमची दुपार झाली तेव्हा जावयांचा फोन आला, घाबरे झालेले. त्यांनाही इशारा गेला होता. मी सांगितलं, ते झालं केव्हाच, तुम्ही चहा घ्या.

ते मग म्हणाले, आई, एक विचारायचं होतं. पान लवकर उघडावं म्हणून त्यांना मशीनवर काहीतरी नवं बसवून बघायचं होतं. माझ्या चावीशिवाय ते बसत नव्हतं. मी विचारलं, त्याने काय होईल. त्यांनी सांगितलं, मला अर्धं कळलं. मी म्हटलं, अर्धं कळलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं, जरा सोपं करून. मग मी विचारलं, बिघडलं तर काढता येतं का. येतं म्हणाले. किती वेळ दुकान बंद राहील? थोडा वेळ. मग दिवाळी झाल्यावर करू, मी म्हटलं, आता नको. ते बरं म्हणाले.

दिवाळी झाल्यावर त्यांनी परत विचारलं. मी पुन्हा सगळं समजावून घेतलं, आणि हो म्हटलं.